पुनश्च पत

दिवाळे काढणे हा आपल्याकडे पूर्वी एक समारंभ होता. ज्या पेढीची हुंडी बाजारात कोणी स्वीकारीनासे झाले, त्या पेढीचा मालक भरदिवसा दुकानात दिवा लावी, बैठकीची गादी उलटी करून ठेवी आणि आपण मागल्या दाराने अंतर्धान पावे, अशी जुनी रीत सांगतात. मग पेठेतील लहानथोरांनी त्या दिव्यासमोर जमावे, हळहळणाऱ्यांनी हळहळावे, ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांनी कपाळावर हात मारून घ्यावा, ज्यांच्या बुडाल्या नाहीत त्यांनी आपण हे पूर्वीच ओळखले होते असे सांगावे, आणि खऱ्या दिवेलागणीपर्यंत ती वार्ता वेशीबाहेर जावी, असा त्याचा रीतसर क्रम असे. हल्लीच्या दिवाळखोरास ही सोय उरलेली नाही. तो इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर कामावर जातो, शेजाऱ्यांच्या बारशास पाकीट नेतो, गणपतीची वर्गणी घासाघीस न करता देतो (कारण घासाघीस केली तर संशय यायचा), आणि त्याचे दिवाळे वाजले आहे ही गोष्ट तो स्वतः, त्याची पत्नी आणि मुंबईतील एक दप्तर या तिघांखेरीज कोणास ठाऊक नसते. पैकी पत्नी कालांतराने क्षमा करते. हा लेख दप्तराविषयी आहे.

कायद्याने रीतसर नादार होण्याची व्यवस्था आपल्या देशात नाही असे नव्हे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि उरलेल्या मुलखासाठी १९२० चा, असे नादारीचे दोन कायदे इंग्रज सरकार मागे ठेवून गेले आहे, आणि मूळ कायद्यांनुसार ज्याचे देणे पाचशे रुपयांवर पोचले त्यास न्यायालयाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहता येते. पाचशे रुपये ही त्या काळी एका खानदानाची इभ्रत होती; आज चौघांच्या कुटुंबाने रविवारी बाहेर दोसे खाऊन बिल उधार ठेवले, तर ते कुटुंब उपाहारगृहाच्या पायऱ्या उतरतानाच नादारीच्या उंबरठ्यावर येऊन पोचते. पुढे २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता मोठ्या इतमामाने आली आणि तिच्यात सामान्य व्यक्तीसाठीही एक प्रशस्त प्रकरण लिहिले गेले. परंतु त्या प्रकरणाचा अंमल १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला तो कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. म्हणजे एखाद्या कारखान्यास जामीन राहण्याइतकी ज्याची ऐपत आहे, त्यालाच नव्या पद्धतीने दिवाळखोर होता येते. ज्याला केवळ स्वतःचाच जामीन राहणे जमले नाही, त्या गरिबाने जुन्या पद्धतीने तरी जावे, नाहीतर कोणत्याही पद्धतीवाचून आपले आपण बुडावे. बहुसंख्य मध्यमवर्गीय हा तिसरा मार्ग पत्करतात. शिवाय रीतसर नादार ठरलेल्यास, मुक्तता होईतो, राज्यघटनेप्रमाणे खासदार वा आमदार होता येत नाही, हा धोकाही या मार्गात टळतो.

आमच्या एका स्नेह्यांचे असेच झाले. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण त्यांच्या कन्येचे लग्न व्हायचे आहे, आणि लग्नाचा व या विषयाचा संबंध पुढे येणार आहे. त्यांच्या घरची मिसळ उत्तम होत असे, आणि जो कोणी ती फुकट खाई तो हात धुता धुता त्यांना मिसळीचे दुकान काढण्याचा सल्ला देई. शेवटी नोकरीतून लवकर मोकळे होऊन, वैयक्तिक कर्ज काढून आणि दोन क्रेडिट कार्डांच्या कडा गाठून त्यांनी पुण्यात एका बऱ्यापैकी रस्त्यावर २०२० च्या फेब्रुवारीत दुकानाची पूजा केली. मार्चमध्ये सगळा देश बंद झाला. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत विसावा दिला खरा. परंतु व्याजाने विसावा घेतला नाही, ते बंद दुकानात मटकीबरोबर निमूटपणे फुगत राहिले. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा एक मोठा दयाळू नियम होता, की कोणत्याही एका वेळी व्याजाची रक्कम मुद्दलाच्या वर जाऊ नये. क्रेडिट कार्डवाल्यांनी बहुधा याज्ञवल्क्य वाचलेला नसतो. त्यांचा दर महिन्याला शेकडा साडेतीनपर्यंत जातो, आणि तीस टक्क्यांवर व्याज घेणे गैर आहे असा जो निर्णय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरात रद्द ठरविल्यामुळे तोही मार्ग बंद झाला.

हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की बँकेच्या लेखी कर्ज बुडीताच्या वाटेला लागते आणि तगादा सुरू होतो. तगाद्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. पेशवाईत धनको हा ऋणकोच्या दाराशी धरणे धरून बसे, बसणारा अन्न वर्ज्य करी, आणि तो उपाशी असेतो आतल्या यजमानासही पानावर बसण्याची सोय नसे. या दुहेरी उपासामुळे व्यवहार लवकर मिटत. नवा वसुलीवाला दाराशी बसत नाही आणि जेवणही सोडीत नाही. तो फोन करतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या हुकुमाप्रमाणे तो सकाळी आठाच्या आधी आणि संध्याकाळी सातानंतर करीत नाही. परिणाम असा झाला, की आमच्या स्नेह्यांचे सारे आयुष्य संध्याकाळी सात ते सकाळी आठ या अवधीत एकवटले. दिवसा ते कोणाशी धड बोलत नसत, खिडकीचा पडदा सारून बसत; सातचा ठोका पडला रे पडला, की त्यांच्या चेहऱ्यावर तजेला चढे, ते रेडिओ लावीत, पत्नीस चहा टाकावयास सांगत आणि आल्यागेल्याशी राजकारणावर मनसोक्त वाद घालीत. त्यांच्याकडे जाणे ते सातानंतर, अशी वहिवाटच पडून गेली होती.

अखेर गावाकडील वडिलोपार्जित जागेचा तुकडा विकून त्यांनी बँकेशी एकरकमी तडजोड केली. बँकेने येण्यापैकी निम्म्याहून थोडे अधिक घेतले, उरलेले सोडले, आणि हिशेब मिटल्याचे पत्र दिले. त्या पत्राची चौकट करून भिंतीवर लावावी असे स्नेह्यांच्या मनात होते. त्याऐवजी त्यांनी सत्यनारायण घातला, आणि सर्वस्व गमावून पुन्हा मिळविणाऱ्या साधुवाण्याची कथा ऐकताना त्यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले. त्यांची प्रामाणिक समजूत अशी, की आपण साल्बाईचा तह केला. तो वसईचा होता हे पुढे सहा महिन्यांनी कन्येच्या स्कूटरसाठी कर्ज मागावयास गेले तेव्हा कळले. त्यांच्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडला होता. 'क्लोज्ड' म्हणजे कुळाने पै न् पै चुकती केली, त्यास बेबाकीचा दाखला देण्यास हरकत नाही. 'सेटल्ड' म्हणजे कुळ भले असेल, परंतु आम्ही त्याचे पाणी जोखले आहे. आणि या दोहोंच्या खाली 'रिटन ऑफ' नावाचा तिसरा शेरा असतो, ज्यात बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढून टाकते आणि कुळाच्या मानगुटीवर मात्र ठेवते.

कर्ज सोडून देण्याचा खरा प्रकार महाराष्ट्राने एकदाच पाहिला. देहूस दुष्काळात ज्यांचा व्यापार बसला, त्या तुकोबांनी घराण्याच्या येण्याचे जे कर्जरोखे होते त्यांतला भावाचा निम्मा वाटा त्याच्या हाती देऊन आपला निम्मा इंद्रायणीच्या डोहात सोडून दिला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. पुढे त्याच डोहातून त्यांची गाथा वर आली. रोखे आले नाहीत. इंद्रायणीस कागदांची पारख होती, एवढेच मी म्हणेन. कोणत्याही बँकेची मुख्य कचेरी नदीकाठी नसावी, यात काही धोरण असावे असा मला संशय आहे.

आता त्या दप्तराकडे वळू. २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या एका संस्थेचे 'सिबिल' हे नाव आता मराठीत इतके रुळले आहे, की अशा चार संस्था परवाना घेऊन हेच काम करीत असताही कोणाचीही पत विचारायची झाली तर 'तुमचे सिबिल किती?' असेच विचारतात. सकाळी टेकडीवर फिरावयास येणाऱ्या निवृत्तांच्या मेळ्यात पूर्वी साखर आणि रक्तदाब असे दोनच आकडे परस्परांस सांगितले जात. त्यांत या तिसऱ्याची भर पडली आहे, आणि पहिले दोन कमी असावेत व तिसरा अधिक असावा, हे नवख्यास समजावून सांगावे लागते. आकडा तीनशेपासून नऊशेपर्यंत असतो. साडेसातशेच्या वर गेलेल्या मनुष्यास बँकांचे अधिकारी खुर्ची देतात. स्नेह्यांचा आकडा साडेपाचशेच्या आसपास होता, आणि त्यांना उभ्याने उत्तर मिळाले.

मी तो अहवाल जवळून पाहिला आहे. त्यात प्रत्येक कर्जाखाली छत्तीस महिन्यांची एक चौकट असते, महिन्यास एक घर. हप्ता वेळेवर पोचला तर त्या घरात तीन शून्ये पडतात, न पोचला तर जितके दिवस लोटले तो आकडा. शाळेत ज्या शून्यापायी आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या, तेच येथे निष्कलंक चारित्र्याचे चिन्ह असून, तेही तिप्पट मिळते. आणि संख्या नेमकी छत्तीसच का, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे पत्रिका जुळवितात तेव्हा गुणही छत्तीसच पाहतात, आणि पुढे ज्यांचे जुळत नाही त्यांच्यातला आकडाही छत्तिसाचाच असतो; तेव्हा विवाह आणि कर्ज या दोन दीर्घ मुदतीच्या व्यवहारांस एकच माप लागावे यात नवल नाही.

हा विनोद मी एकट्यानेच केला असता तर गोष्ट वेगळी होती. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे २०२५ च्या फेब्रुवारीत तो प्रत्यक्ष घडला. मुलगी पसंत, मुलगा पसंत, बोलणी जवळजवळ संपलेली, आणि तेवढ्यात मुलीच्या मामाने उभे राहून मुलाचे सिबिल दाखविण्याची मागणी केली. दाखविले, तो त्यात निरनिराळ्या बँकांची कर्जे आणि खाली घसरलेला आकडा, लग्न मोडले. मामाचे काम मुलीस बोहल्यावर आणण्याचे, अशी आपली आजवरची समजूत. बोहल्यापर्यंत येऊ न देण्याचेही काम मामाचेच, हे त्या गृहस्थाने सिद्ध केले. वृत्तपत्रांनी त्याची थट्टा केली, पण मला विचाराल तर इतका समंजस मामा मी पाहिलेला नाही. राहू आणि केतू हप्ता बुडवून बसले आहेत की नाही हे कोणता ज्योतिषी सांगतो? शिवाय शनीची पीडा साडेसात वर्षांची असते. या दप्तराने माहिती जपून ठेवायची ती कायद्याने निदान सात वर्षे. सहा महिन्यांची सूट तेथे आहे.

येथवर सर्व आपल्या जागी ठीक आहे, आणि ज्याने घेतले व पुरते फेडले नाही त्यास कोणी दुसऱ्यांदा देऊ नये, हा न्याय बालकासही समजण्यासारखा आहे. न समजणारा भाग पुढे येतो. स्कूटरचे कर्ज नाकारले गेल्यावर आमच्या स्नेह्यांनी घरी येऊन प्रतिज्ञा केली, की या जन्मात पुन्हा ऋण काढणार नाही. आणि दोन वर्षे त्यांनी ती अक्षरशः पाळली. शिकवण्या घेऊन चार पैसे मिळविले, वीजबिल मुदतीपूर्वी भरले, घरभाडे पहिल्या तारखेस दिले, वाण्याची बाकी तीस तारखेच्या आत मिटविली. दोन वर्षांनी मोठ्या उमेदीने ते बँकेत गेले, तो आकडा जेमतेम हललेला. तेथे एक तरुण, हसतमुख अधिकारी मुलगी होती. तिने पडदा पाहून मान हलविली.

"काका, तुमच्यावर आता काहीच कर्ज नाहीये. तीच अडचण आहे."

"अडचण? अहो, मी शिकलो आता. पुन्हा कर्ज घेणार नाही."

"असं करून कसं चालेल? घेतलंच नाहीत, तर तुम्ही फेडता हे आम्हांला कळणार कसं? काहीतरी छोटंसं घ्या ना."

दारूपायी ज्याचा संसार धुळीस मिळाला, त्याने प्यायचे सोडले एवढ्याने भागत नाही, त्याने आता रोज संध्याकाळी थोडी घेऊन वेळेवर घरी येऊन दाखवावे, असेच हे झाले. भाडे, वीज, वाणी, दूधवाला या चौघांशी त्यांनी जो सचोटीचा व्यवहार केला होता त्याची नोंद छत्तीस घरांपैकी एकाही घरात नव्हती. कारण त्या दप्तरात संयमास रकाना नाही, तो केवळ परतफेडीस आहे, आणि परतफेडीस आधी ऋण लागते. आमच्या आळीत एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत, ज्यांनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात कोणाचे हातउसनेदेखील घेतलेले नाही. नातवाच्या शिक्षणाच्या कर्जास सहअर्जदार म्हणून त्यांचे नाव घातले, तेव्हा त्यांचा आकडा आला: उणे एक. ज्याचा काही इतिहासच नाही त्यास हा आकडा मिळतो. म्हणजे बुडालेल्यातल्या बुडालेल्यास तीनशे, आणि ज्याने कधी पाण्यात पाय घातला नाही तो शून्याच्याही खाली! हेडमास्तरांनी आयुष्यभर पुष्कळांस उणे गुण दिले असतील, परंतु ते स्वतःस मिळण्याची वेळ प्रथमच आली. पुढे २०२५ च्या ऑगस्टात सरकारला संसदेत सांगावे लागले, की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्यास केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नये. परंतु हेडमास्तरांचा राग तेवढ्याने गेलेला नाही.

स्नेह्यांच्या भाच्याने, जो अशा बाबतींत वाकबगार आहे, त्यांना उपाय सांगितला. बँकेत वीस हजारांची मुदत ठेव ठेवावी. त्या ठेवीच्या तारणावर बँक क्रेडिट कार्ड देते, ठेवीच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत. ठेव बँकेच्या कबजात असल्यामुळे तिला भीती नाही, आणि भीती नसल्यामुळे ती विश्वास टाकते. म्हणजे आपलेच पैसे बँकेकडे द्यावयाचे, आपलेच पैसे बँकेकडून उसने घ्यावयाचे, आणि ते वेळेवर परत केल्याबद्दल शाबासकी घ्यावयाची. शिवाय त्या अठरा हजारांपैकी तिसांहून अधिक टक्के वापरू नयेत, अशीही एक मखलाशी असते. मनुष्य हात आखडता ठेवतो की नाही हे त्यावरून पाहतात. तेव्हा स्नेह्यांस महिना सुमारे पाच हजारांचे कर्ज स्वतःपासून काढून, ते स्वतःस फेडून, आपण भरवशाचे गृहस्थ आहोत हे तिसऱ्यास पटवून द्यावयाचे होते. ते त्यांनी विलक्षण निष्ठेने केले. कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशीच्या जोडीस देय तारखेभोवती तांबडे वर्तुळ आले, आणि घरात त्या दिवशी पैसे भरल्याखेरीज तोंडात पाणी घ्यावयाचे नाही असा दंडक पडला.

पण कार्ड खर्चावयाचे कोठे? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्यांचे तीस वर्षांचे खाते. वाईट काळात, जेव्हा बँका दिवसाचे अकरा तास फोन करीत होत्या, तेव्हा या वाण्याने गोडेतेल आणि तूरडाळ एकदाही रोखली नाही. त्याने चौकटी पाहिल्या नाहीत, फक्त तांबड्या वहीत बोट ओले करून पान उलटले आणि मांडून ठेवले. त्याच्यापुढे स्नेह्यांनी ओशाळत कार्ड ठेवले.

"काका, हे कशाला? रोख द्या की."

"अरे, माझी पत सुधारायची आहे."

"तुमची पत बिघडली कधी?" वाणी खरोखरच गोंधळला. "कार्डावर माझे दोन टक्के जातात. जमत नसेल तर मांडून ठेवतो, नेहमीसारखं."

तेव्हापासून स्नेही वाण्याकडचे सामान वाण्याकडूनच घेतात, आणि पत सुधारण्यासाठी लागणारे सामान, म्हणजे ज्याची घरात गरज नाही असे सामान, दूरच्या मोठ्या दुकानातून कार्डावर आणतात. त्यांच्या घरी सध्या चार प्रकारचे परदेशी ओट आहेत. ते कोणी खात नाही.

हे सारे ऐकून जुना सावकार किती भला होता असा उसासा टाकण्याची पद्धत आहे. मी तो टाकीत नाही. जुन्या सावकाराने माणूस पाहून पैसे दिले हे खरे. पण माणूस पाहताना तो त्याची जात पाही, बैल पाही, बायकोच्या अंगावरचे डाग पाही, आणि आजोबाने काढलेल्या कर्जाचे ओझे नातवाच्या पाठीवर घालताना त्यास धर्माचा आधार असे. बापाचे ऋण मुलाने फेडणे हे धर्मकर्तव्य, हा हिंदू कायद्यातला दंडक नव्या ऋणांपुरता उठला तो २००५ साली. सुप्यास १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून दस्तऐवज ओढून काढून होळी केली, ती काही उत्सवाची हौस म्हणून नव्हे. आणि पुढे १८७९ साली सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. नवा मुनीम निर्बुद्ध आहे, पण तो तुमचे आडनाव वाचून नाक मुरडीत नाही, वडिलांविषयी विचारीत नाही, आणि सदतिसावा महिना उजाडला की सर्वांत जुने घर आपोआप चौकटीतून गळून पडते. इतका विसराळू सावकार महाराष्ट्रास पूर्वी लाभला नव्हता. अर्थात त्यालाही सर्व मुलखात मोकाट सोडून चालत नाही. पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, असे आपल्या मुख्यमंत्र्यांस बँकांना दरडावून सांगावे लागले आहे. आणि थोरले बाजीराव १७३७ साली दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले ते कर्जात बुडालेल्या अवस्थेत, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींसारख्यांचे देणे डोक्यावर घेऊन, हे ध्यानात घेतले, तर त्यांची छत्तीस घरे तपासून 'आपला अर्ज तूर्त विचारात घेता येत नाही' असे कोणी त्यांना कळविले नाही, ही मराठ्यांच्या इतिहासाची केवढी कृपा!

तर स्नेह्यांचा आकडा चढू लागला. चारही संस्था वर्षातून एकेकदा अहवाल फुकट देतात. स्नेह्यांनी त्यांची चार ऋतूंत वाटणी करून तिमाहीस एक असा नेम ठेवला होता. अशाच एका तिमाहीस, चौघींपैकी एकीच्या अहवालात (नाव सांगण्यात औचित्य नाही) आकडा एकदम सत्तर-ऐंशीने वर गेलेला दिसला. स्नेह्यांनी चष्मा पुसून तपशील वाचला, तो त्यांच्या नावे जालना जिल्ह्यात घेतलेला एक ट्रॅक्टर निघाला.

त्यांनी आयुष्यात ट्रॅक्टर घेतला नव्हता. त्यांना सायकलीचे पंक्चरही काढता येत नाही. त्यांच्याच नावाचा, बहुधा त्यांच्याच जन्मसालाचा कोणी शेतकरी असावा, आणि दप्तराने दोघांस एक मानले असावे. पण काय तो शेतकरी! सहामाही हप्ते, आणि एकूण एक वेळेवर. पीक बुडो की तरो, पाऊस लागो की न लागो, तीन शून्ये, पुन्हा तीन शून्ये. स्नेह्यांच्या साऱ्या अहवालात अभिमानाने दाखविण्यासारखे असे तेवढे एकच कर्ज होते, आणि ते त्यांचे नव्हते. त्यांनी ते कोणास सांगितले नाही. मात्र ते सकाळच्या वर्तमानपत्रात मराठवाड्याचे पर्जन्यमान प्रथम वाचू लागले. सोयाबीनचा भाव पडला की त्यांचा चेहरा उतरे. जालन्याकडे गारपीट झाली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटी त्यांच्या पत्नीने एका वाक्यात प्रकरण उलगडले. ओटांचा डबा पुसता पुसता त्या म्हणाल्या, "अहो, त्याचा ट्रॅक्टर तुमच्या नावावर आला असेल, तर तुमची मिसळ त्याच्या नावावर गेली नसेल कशावरून?"

हा विचार स्नेह्यांच्या डोक्यात आला नव्हता. जालन्यातल्या कोणा सरळमार्गी माणसास बियाण्यासाठी कर्ज मागताना 'सेटल्ड, पुणे, उपाहारगृह' असा शेरा दाखवून परत पाठविले जात आहे, हे चित्र त्यांच्यासमोर उभे राहिले आणि ती रात्र त्यांनी तळमळत काढली. सकाळी आठाच्या आत त्यांनी तक्रार नोंदविली. नियम असा आहे, की तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागावा; न लागला तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपयांप्रमाणे भरपाई तक्रारदारास द्यावी. स्नेह्यांनी हिशेब घातला, की संस्थेने सरकारी चालीने काम केले आणि साडेसात महिने लावले, तर ठेवीचे वीस हजार सुटतात. विसाव्या दिवसानंतर ते काहीसे आनंदी दिसू लागले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी ट्रॅक्टर गेला.

आकडाही गेला, होता त्याच्याही थोडा खाली. बँकेतल्या त्या मुलीने पडदा पाहिला आणि एक कार्ड, एक मिटविलेले कर्ज एवढ्यावर भागणार नाही, काका, आणखी एखादे तारणाचे कर्ज असते तर बरे झाले असते, असे सांगितले. स्नेही नुसते 'पाहतो' म्हणून घरी आले. परवा टेकडीवर इतर मंडळी पुढे गेल्याचे पाहून ते माझ्याजवळ सरकले आणि मला हळूच विचारू लागले, की नवा नको, पण बऱ्या स्थितीतला एखादा जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले तर त्यास सहामाही हप्ता साधारण किती पडत असावा.